सॉफ्टवेअर उद्योगातील अनुकरण व व्यवसायनीती

प्रतिस्पर्ध्याच्या मालामागील कल्पना, रचना अथवा कार्यपद्धती पाहून त्याच धर्तीचा आपला माल बाजारात आणणे, यास व्यापारी व्यवहारात अनुकरण म्हणतात. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार करण्याच्या उद्योगात असे अनुकरण कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न त्या उद्योगाइतकाच जुना आहे. तबकडीवरील आज्ञावली जशीच्या तशी उतरवून विकणे ही उघड चोरी होय व तिच्याविषयी फारसा मतभेद नाही. वाद होतो तो कल्पनेबद्दल. वसईच्या किनारपट्टीवरील सांडोरसारख्या बागायती गावात शेजाऱ्याच्या वाडीतील लागवड कुंपणावरून दिसते आणि ती पाहून आपल्या वाडीत तशीच लागवड केल्यास तिला कोणी चोरी म्हणत नाही. रात्री कुंपण ओलांडून रोपे उपटून आणणे मात्र वेगळे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत देशोदेशीच्या न्यायालयांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे निर्णय दिले, त्यांचा रोख बव्हंशी याच भेदाकडे असल्याचे आढळते. काय घेतले यापेक्षा ते कोणत्या वाटेने मिळविले, यावर निकाल फिरला आहे.

सॉफ्टवेअरचे स्वरूप यंत्राहून निराळे असल्यामुळे हा भेद करणे तेथे अधिक कठीण जाते. पंप किंवा कुलूप विकत घेऊन खोलले की त्याची रचना कळते. आज्ञावलीचा मूळ मजकूर (मूळ संहिता) सामान्यतः ग्राहकाच्या हाती येत नाही. पडद्यावर दिसणारे तक्ते, आज्ञांची यादी व कामाचा क्रम एवढेच त्याला दिसते. म्हणजे बाहेरचे सर्व उघडे आणि आतले सर्व झाकलेले. शिवाय प्रत काढण्यास खर्च जवळजवळ नाहीच. सर्व खर्च पहिली प्रत सिद्ध करण्यात, म्हणजे विचार करण्यात व चुका शोधण्यात होतो. तो दुसऱ्याचा झालेला खर्च वाचविणे, हेच अनुकरणाचे मुख्य आर्थिक प्रलोभन असते.

प्रारंभी हा प्रश्न फारसा उपस्थित झाला नाही, कारण आज्ञावल्या संगणकाबरोबरच दिल्या जात. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकली जाणारी वस्तू बनली. लहान संगणकांचा प्रसार झाल्यावर १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ ही आकडेमोडीच्या तक्त्याची आज्ञावली बाजारात आली. तिच्या कर्त्यांनी एकस्व (पेटंट) घेतले नव्हते. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ ने तीच कल्पना अधिक वेगवान रूपात मांडून बाजारपेठ काबीज केली आणि १९८५ मध्ये व्हिजिकॅल्क तयार करणारी कंपनीच लोटसने विकत घेतली. पुढे बोर्लंड या कंपनीने आपल्या तक्त्यात लोटसच्या आज्ञांची यादी जशीच्या तशी ठेवली, तेव्हा दुसऱ्याच्या पावलांवरून चालत मोठे झालेले लोटसच १९९० मध्ये फिर्यादी म्हणून न्यायालयात गेले. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने आज्ञांची यादी ही काम करण्याची पद्धत आहे, तिला लेखाधिकार (कॉपीराइट) नाही, असे ठरविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये न्यायाधीशांची मते समसमान विभागली गेल्याने तो निर्णय कायम राहिला. खिडक्या व चित्रखुणांच्या पडद्याबाबत ॲपलने मायक्रोसॉफ्टविरुद्ध १९८८ मध्ये केलेला दावाही बहुतांशी फसला. त्या पडद्यामागील अनेक कल्पना ॲपलने स्वतःच झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात पाहिलेल्या होत्या.

याच काळात नेकीने अनुकरण करण्याची एक पद्धतही उद्योगाने घडविली, आणि तिची दखल घेणे आवश्यक आहे. कॉम्पॅक कंपनीस १९८२ मध्ये आयबीएमच्या संगणकाबरहुकूम चालणारा संगणक बनवायचा होता. परंतु त्याच्या मुळाशी असलेली आज्ञावली आयबीएमच्या मालकीची होती. तेव्हा माणसांचे दोन गट करण्यात आले. पहिल्या गटाने मूळ आज्ञावली वाचून ती काय काम करते एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ मजकूर कधी पाहिलाच नव्हता, त्या वर्णनावरून नवी आज्ञावली लिहिली. वरवर पाहता हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटतो. त्यामागील तत्त्व मात्र स्पष्ट आहे : काम काय करावे ही कल्पना सर्वांची, ते करण्यासाठी लिहिलेले शब्द ज्याचे त्याचे.

भारतातील कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या १९७८ मधील निर्णयात, ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला असल्याच्या तक्रारीचा विचार करताना, सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक वस्तुस्थिती यांत लेखाधिकार नसतो, असे सांगितले. त्या वेळी आज्ञावली हा शब्द न्यायालयापुढे नव्हता. पण पुढील सर्व वादांची चौकट याच निर्णयाने आखली. १९५७ च्या लेखाधिकार अधिनियमात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणक-आज्ञावल्यांचा समावेश वाङ्मयीन कृतींत करण्यात आला. कादंबरी व वेतनपत्रकाची आज्ञावली एका व्याख्येत बसविणे विचित्र वाटले, तरी त्याचा परिणाम सरळ होता : मजकुरास संरक्षण मिळाले, कल्पनेस नाही. १९९४ च्या दुरुस्तीने चोरीव प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद केली. १९९९ च्या दुरुस्तीने याच्या नेमकी उलट बाजू स्पष्ट केली. कायदेशीरपणे मिळविलेली आज्ञावली चालवीत असताना तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करून तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेणे हा लेखाधिकाराचा भंग नाही, असे कलम ५२ मध्ये नमूद करण्यात आले. प्रतिस्पर्ध्याचा माल विकत घेऊन तो अभ्यासणे भारतात त्यामुळे निःसंशय वैध ठरते. एकस्वाचा मार्गही बव्हंशी बंद आहे. २००२ च्या दुरुस्तीने केवळ आज्ञावली म्हणून असलेली आज्ञावली, गणिती व व्यापारी पद्धती आणि रीतिक्रम (अल्गोरिदम) यांना एकस्व नाकारले. डिसेंबर २००४ मधील वटहुकुमाने त्यात सवलत देऊ केली होती, परंतु २००५ च्या अधिनियमात संसदेने ती ठेवली नाही.

अनुकरणास मुभा देण्याचा हा कल आकस्मिक नव्हे. १९७० च्या एकस्व अधिनियमाने औषधांच्या बाबतीत उत्पादनास नव्हे, तर उत्पादनप्रक्रियेस एकस्व देण्याचे धोरण पत्करले होते. त्याच धोरणामुळे मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्या परदेशी औषधे वेगळ्या प्रक्रियेने तयार करून स्वस्तात विकू शकल्या. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलर या दराने देऊ केला, त्याची पूर्वतयारी या कायद्याने केलेली होती. जागतिक व्यापारकरारानुसार १ जानेवारी २००५ पासून ही मुभा संपुष्टात आली. गरीब देशाने श्रीमंतांच्या ज्ञानाचे अनुकरण करणे आणि एका कंपनीने दुसरीच्या कष्टांवर डल्ला मारणे या दोहोंना एकच शब्द वापरला जातो. चर्चेतील बराच गोंधळ त्यातून उद्भवतो.

कल्पनेला कायद्याने मोकळे सोडले, तरी विश्वासाने सोपविलेल्या माहितीस मोकळे सोडले नाही. या बाबतीतील पायाभूत भारतीय खटला महाराष्ट्रात, तोही तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच, उद्‌भवला. (वसई तालुकाही १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता.) सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने आपल्या कल्याण येथील कारखान्यात टायरसाठी लागणाऱ्या दोऱ्याचे उत्पादन करण्याकरिता जानेवारी १९६१ मध्ये हॉलंड व पश्चिम जर्मनी येथील दोन कंपन्यांशी करार केला. १,४०,००० जर्मन मार्कांच्या मोबदल्यात तांत्रिक ज्ञान मिळावयाचे होते आणि ते गुप्त राखण्याची व आपल्या नोकरांकडूनही तशी हमी घेण्याची अट होती. निरंजन शंकर गोलिकरी यांना पाळी-पर्यवेक्षक म्हणून १५ मार्च १९६३ पासून पाच वर्षांच्या कराराने नेमण्यात आले व कंपनीच्या खर्चाने काही महिने प्रशिक्षण देण्यात आले. १९६४ मध्ये ते ही नोकरी सोडून, टायरचा दोराच तयार करणाऱ्या कोटा येथील राजस्थान रेयॉन या प्रतिस्पर्धी कंपनीत अधिक वेतनावर रुजू झाले. कल्याणच्या न्यायालयात सुरू झालेला दावा मुंबई उच्च न्यायालयामार्गे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १७ जानेवारी १९६७ रोजी त्या न्यायालयाने मनाईहुकूम कायम ठेवला. कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याचे बंधन हे १८७२ च्या संविदा अधिनियमातील कलम २७ नुसार व्यवसायास अवैध अडथळा ठरत नाही, असे त्याने म्हटले. मनाई तेवढ्याच प्रकारच्या कामापुरती व १५ मार्च १९६८ या मुदतीपुरती होती; अन्य नोकरीचा मार्ग मोकळा होता, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

या निकालाने एक बाजू सुरक्षित केली. दुसरी बाजू कलम २७ ने सांभाळली आहे. करार संपल्यानंतर माणसाचे हात बांधता येत नाहीत. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याशी एका प्रसिद्धिसंस्थेने केलेला करार संपल्यावरही त्याने नवा करार प्रथम आपल्यालाच देऊ करावा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमाच्या आधारे अमान्य केली. गोलिकरी-खटल्यातील पर्यवेक्षकाच्या जागी संगणक-अभियंता ठेवला, की आजच्या सॉफ्टवेअर उद्योगातील नेहमीचा पेच तयार होतो. जुन्या मालकाकडे शिकलेले कौशल्य त्याचे. जुन्या मालकाची मूळ संहिता मात्र त्याची नव्हे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच डोक्यात असतात आणि रेषा कोठे ओढायची हे बहुधा त्यालाच, एकट्याला, ठरवावे लागते.

मुंबई हे या उद्योगाचे देशातील पहिले केंद्र होय. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) ही संस्था तेथे १९६८ मध्ये सुरू झाली. अंधेरीजवळील सान्ताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र (सीप्झ) १९७३ मध्ये स्थापन झाले आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतल्यावर देशी कंपन्यांना अधिक वाव मिळाला. पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील वसई-विरार पट्ट्यातून कामासाठी उपनगरांत जाणाऱ्या नोकरदारांत पुढे संगणक-व्यावसायिकांचीही भर पडली. हा उद्योग प्रामुख्याने परदेशी ग्राहकांचे काम करण्यावर वाढला. ग्राहकाच्या यंत्रणेत शिरून, बहुधा तिसऱ्याच कंपनीने बनविलेल्या आज्ञावल्या हाताळण्याचे हे काम असते. त्यामुळे इतरांची गुपिते रोज डोळ्यांसमोर असणे हे या व्यवसायाचे अंगभूत लक्षण आहे.

या परिस्थितीतील धोका एपिक विरुद्ध टीसीएस या खटल्यात ठळकपणे दिसून आला. एपिक ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात असलेली रुग्णालयीन सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी. कैसर पर्मनेंटे ही मोठी आरोग्यसंस्था तिची ग्राहक होती आणि एपिकच्या आज्ञावलीच्या चाचणीचे काम कैसरने टीसीएसकडे सोपविले होते. त्याच वेळी टीसीएसचे ‘मेड मंत्र’ हे स्वतःचे रुग्णालयीन सॉफ्टवेअर होते, म्हणजे चाचणी करणारी संस्थाच संभाव्य प्रतिस्पर्धी होती. एपिकने आपल्या ग्राहकांसाठी ठेवलेल्या माहिती-दालनात टीसीएसला पूर्ण प्रवेश नाकारला होता. तेव्हा एका कर्मचाऱ्याने आपण कैसरचेच नोकर असल्याचे भासवून प्रवेश मिळविला आणि आपली परवलीची अक्षरे सहकाऱ्यांना दिली. अशा रीतीने सहा हजारांहून अधिक दस्तऐवज उतरवून घेण्यात आल्याचे न्यायालयात पुढे आले. मेड मंत्र व एपिकचे सॉफ्टवेअर यांची तुलना करणारा एक तक्ताही कंपनीत तयार झाला होता. हे उघडकीस आणले ते टीसीएसच्याच एका व्यवस्थापकाने. कैसरचे काम त्याच्याकडे होते आणि २०१४ मध्ये मेड मंत्रचे प्रात्यक्षिक पाहिल्यानंतर त्याला संशय आला.

एपिकने ऑक्टोबर २०१४ मध्ये दावा दाखल केला. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने २४ कोटी डॉलर भरपाई व ७० कोटी डॉलर दंडात्मक भरपाई, असा एकूण ९४ कोटी डॉलरचा निर्णय दिला. जिल्हा न्यायाधीशांनी तो ४२ कोटींवर आणला. तुलनात्मक तक्त्याच्या उपयोगाबद्दलची १४ कोटींची भरपाई त्यांनी कायम ठेवली. अन्य वापर झाल्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून १० कोटी वगळले. २०२० मध्ये अपील न्यायालयाने दंडात्मक रक्कमही १४ कोटींपर्यंत मर्यादित केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एपिकच्या माहितीचा मेड मंत्रच्या विकासासाठी वापर केला नाही, अशी टीसीएसची भूमिका अखेरपर्यंत होती. एपिकची आज्ञावली मेड मंत्रमध्ये उतरविल्याचे सिद्ध झाले म्हणून ही शिक्षा झाली, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. प्रतिस्पर्ध्याचा माल काय करतो व आपला कोठे उणा पडतो, हे जाणून घेणे सर्वच व्यापारी करतात. ग्रंथालयात बसून किंवा ग्राहकांशी बोलून तोच तक्ता तयार झाला असता, तर तक्रारीस जागा नव्हती. तो दुसऱ्याच्या किल्लीने दार उघडून तयार झाला, हा दोष ठरला. आणि असे दार उघडणारी माणसे बहुधा वरिष्ठांच्या मुदती पाळण्याच्या घाईत असलेली सामान्य कर्मचारी असतात, ही गोष्ट निकालपत्रांच्या भाषेत फारशी उतरत नाही.

सार्वजनिक साहित्यावर आधारलेल्या सॉफ्टवेअरचा प्रश्न ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात आला. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संपादित करून छापणाऱ्या लखनौच्या प्रकाशकाने, तेच निकाल तबकडीवर आणणाऱ्या ‘ग्रँड ज्युरिक्स’ व ‘द लॉज’ या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांविरुद्ध दाद मागितली. डिसेंबर २००७ मधील निर्णयानुसार निकालांचा मूळ मजकूर सर्वांचा आहे व केवळ श्रम आणि पैसा खर्च केल्याने लेखाधिकार उत्पन्न होत नाही. त्यासाठी किमान सर्जनशीलता लागते. परिच्छेदांची विभागणी व त्यांचे अंतर्गत संदर्भ, तसेच न्यायाधीशांच्या सहमती-असहमतीविषयीचे संपादकीय अभिप्राय यांपुरते संरक्षण प्रकाशकास मिळाले. विरामचिन्हे सुधारण्यात वर्षे घालविलेल्या संपादकांना हा निर्णय कठोर वाटला असेल. वाचकांना मात्र त्याने निकालांची दारे उघडली.

अनुकरण टाळल्यानेही हानी होऊ शकते, याचे उदाहरण मराठी वाचकांच्या अनुभवातीलच आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक आखण्यात आला, पुण्याच्या सी-डॅकने या क्षेत्रात मोठे काम केले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तरीही देवनागरी टंक विकणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या टंकांतील अक्षरांची मांडणी वेगवेगळी ठेवली. परिणामी एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसत. छापखाने, वृत्तपत्रे व शासकीय कचेऱ्या एकेका विक्रेत्याशी बांधल्या गेल्या. युनिकोडचा सार्वत्रिक स्वीकार होईपर्यंत ही अडचण टिकली, आणि त्यापूर्वीचा पुष्कळ मराठी मजकूर आजही परिवर्तकाविना वाचता येत नाही. अक्षराचे वळण ही कलाकाराची निर्मिती असते व तिची चोरी निषिद्धच आहे. परंतु अक्षराला कोणता क्रमांक द्यावा ही मांडणी सर्वांनी एकमेकांची उचलली असती, तर कोणाचेच नुकसान झाले नसते. गूगलने अँड्रॉइडसाठी जावा भाषेतील सुमारे ११,५०० ओळींची घोषणावाक्ये वापरली, त्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचित वापर ठरविले, तेही मुख्यतः प्रोग्रॅमरांना अवगत असलेले कौशल्य नव्या ठिकाणी वापरता यावे या विचाराने.

सर्वांत दुबळी स्थिती लहान निर्मात्याची असते. आपली कल्पना विकण्यासाठी ती मोठ्या ग्राहकाला दाखवावी लागते आणि दाखविली की ती त्याला कळते. मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या २००३ मधील प्रकरणात अशा निर्मात्यास आधार दिला. कृष्णाच्या व्यक्तिरेखेशी निगडित दूरदर्शन-मालिकेची संकल्पना एका निर्मितिसंस्थेने वाहिनीस विश्वासाने सांगितली होती. मूळ कथा सर्वांना ठाऊक असली, तरी तिच्यावर बुद्धी खर्चून घडविलेली व गोपनीयतेने सांगितलेली संकल्पना परस्पर वापरता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकास हे तत्त्व लागू पडते. मात्र गोपनीयतेचा करार आधी केलेला नसल्यास ते सिद्ध करणे अवघड जाते, आणि मोठे ग्राहक असा करार करण्यास पुष्कळदा नाखूष असतात.

व्यापारी गुपितांसंबंधी भारतात स्वतंत्र अधिनियम नसल्याने न्यायालये आजवर करार, लेखाधिकार व विश्वासभंगाची न्यायतत्त्वे यांच्या आधारे काम चालवीत आली. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात असा अधिनियम करण्याची शिफारस करून त्याचा मसुदा सादर केला. गैरप्रकार उघडकीस आणणाऱ्यास संरक्षण द्यावे व सार्वजनिक हितासाठी अपवाद ठेवावेत, असे त्यात सुचविले आहे. नोकरीच्या ओघात कर्मचाऱ्याने मिळविलेला अनुभव व कौशल्य यांची गणना गुपितांत करू नये, असेही मसुद्यात नमूद आहे.